‘थांब’चे दोन तुकडे

आमच्या आत्याबद्दल बस आगारात अशी बातमी आहे की पन्नाशी उलटल्यावर तिनं लिपस्टिक लावायला सुरुवात केली आणि त्याला कारण तिकीट तपासनीस आहे. बातमी सांगणारे आवाज खाली आणून पुढं असंही सांगतात की तपासनीस हल्ली मिशीला कंगवा करतो.

यातली मिशी खरी आहे, बाकी सगळं चूक. तपासनीस पहिल्यापासून मिशीला कंगवा करतो, आणि ‘अहो, बाजूला व्हा, बस येतेय’ याखेरीज आत्या त्याच्याशी काही बोललेली मी ऐकलेली नाही. आणि मी ऐकते. माणसं काय बोलतात ते ऐकायचं आणि त्यांची पाठ वळली की त्यांच्याच आवाजात परत म्हणायचं, एवढंच मला नीट जमतं. आत्या मला ‘टेप’ म्हणते. आमची शाळा आगाराच्या भिंतीला लागून आहे आणि आत्या आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते, त्यामुळं शाळा सुटली की मी आगारात येऊन बसते आणि तिची ड्यूटी संपली की दोघी बरोबर घरी जातो.

तर ती लिपस्टिक नव्हती. तो लिप बाम होता. उन्हापासून ओठ राखणारा. बिनरंगाचा संपला होता म्हणून दुकानदारानं गुलाबी दिला. एवढं साधं आहे, पण एवढं साधं सांगितलं की लोकांचा विरस होतो. शिवाय त्यामागं एका चपट्या झालेल्या ड्रमची गोष्ट आहे. ती कुणी सांगत नाही.

आत्याचं काम बस मागं घेण्याचं. म्हणजे बस ड्रायव्हरच मागं घेतो, पण त्याला मागचं काही दिसत नाही आणि आत्याला दिसतं. ती बसच्या मागं, जरा कडेला उभी राहते आणि शिट्टी वाजवते. तोंडानं. बोटं न लावता, खालचा ओठ आत ओढून. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे ‘ये’. थरथरती शिट्टी म्हणजे ‘सावकाश’. एक लांबलचक, शेवटी वर जाणारी म्हणजे ‘थांब’. ड्रायव्हर आरशात बघायचंही विसरले आहेत. सकाळच्या लांबच्या गाडीचा ड्रायव्हर तर म्हणतो, “ताईंची शिट्टी असली की मी डोळे मिटून मागं घेतो.” आत्या त्याला म्हणते, “उघडे ठेवत जा, बाबा. पगार त्याचाच मिळतो.”

कुणीही पहिल्यांदा विचारतं की विकतची शिट्टी का नाही. ती दिली होती, चकचकीत, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. अडचण अशी झाली की आगाराच्या फाटकाबाहेर चौक आहे आणि चौकात वाहतूक पोलीस आहे आणि त्याचीही शिट्टी अगदी तशीच. त्यानं रिक्षावाल्यावर शिट्टी फुंकली की आमच्या आगारात तीन गाड्या जागच्या जागी थांबायच्या. एकदा म्हणे त्याला शिंका येत होत्या, तोंडातली शिट्टी काढायला तो विसरला, आणि आमची एक बस पाच मिनिटं झुलत राहिली. तेव्हापासून आत्याची तोंडाची शिट्टी पक्की झाली. तशी दुसऱ्या कुणाचीच नाही. मी नक्कल करते, घरच्यांना ती हुबेहूब वाटते, पण ड्रायव्हर माझ्या शिट्टीवर पापणीही हलवत नाहीत. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही.

आगाराच्या आवारात सावली नाही. म्हणजे आहे, पण ती बसांखाली आहे. आत्या टोपी घालते. टोपीची पुढची पट्टी कपाळ झाकते, फार तर नाक. खालचा ओठ मात्र आकाशाकडं तोंड करून उघडा. वर्षानुवर्षं त्याला ऊन मिळालं, वारा मिळाला, डिझेलचा धूर मिळाला. आणि प्रत्येक शिट्टीआधी आत्या जीभ फिरवून ओठ ओला करायची. चटकन, सरड्यासारखी. तिला ते कळायचंही नाही. मला कळायचं, कारण तिच्या नकलेत ते पहिलं येतं. आधी जीभ, मग शिट्टी. जीभ नसली की आत्या वाटत नाही.

यंदा हवा कोरडी पडली आणि तिचा ओठ फाटला. आधी बारीक रेघ, मग सालपटं. आत्या सालपटं दातानं ओढायची. आई म्हणाली, “ताई, ओढू नका हो.” आत्या म्हणाली, “वहिनी, मी ओढत नाही, ती आपोआप निघतात.” दात काय करत होते ते कुणी विचारलं नाही.

मग विश्रांतीच्या खोलीत उपाय निघाला. तिथं एक ड्रायव्हर आहे, ज्याला सगळे ‘थंडगार’ म्हणतात. कारण तो पुदिन्याच्या वासाची, ओठांना लावायची एक हिरवी डबी बाळगतो आणि ज्याला त्याला देतो. “लावा, लावा. थंडगार वाटतं की नाही? वाटतं की नाही?” समोरचा ‘वाटतं’ म्हणेपर्यंत तो सोडत नाही. डबी खोलीभर फिरायची. एकाचं बोट, दुसऱ्याचं बोट, इंजिनात हात घालून आलेल्याचं बोट. फिरून झाली की थंडगार ती बसमध्ये स्टिअरिंगच्या पुढं, काचेच्या उन्हात ठेवायचा. दुपारी आतलं सगळं पातळ व्हायचं, रात्री परत गोठायचं. आमच्या आत्यानं त्या डबीत आठवडाभर बोट घातलं.

थंडगार वाटायचं. झोंबायचंही. आत्या म्हणायची, “झोंबतंय म्हणजे काम करतंय.” शिवाय त्याची चव गोडसर होती, त्यामुळं जीभ पूर्वी शिट्टीआधी यायची ती आता अधूनमधून सहज यायला लागली. ओठ लाल झाला, सुजला, आणि भोवती एक लाल कडं उमटलं. मी घरी नक्कल करून दाखवताना ते कडं पेनानं काढलं होतं. बाबांना हसू आलं, पण बहिणीची बाजू घ्यायची म्हणून ते गंभीर झाले.

मग ड्रमचा दिवस आला.

थंडगारचीच बस. धुण्याच्या जागेकडं मागं घ्यायची होती. तिथं भिंतीला लागून पाण्याचा निळा प्लास्टिकचा ड्रम उभा असतो. आत्यानं ‘ये’ दिली, बस आली. ‘सावकाश’ दिली, बस सावकाश आली. ड्रमच्या आधी दोन हात आत्यानं ‘थांब’ दिली. लांबलचक शिट्टी निघाली, आणि मधेच तिचा ओठ बरोबर मध्यावर चिरला. शिट्टी तुटली. आत्यानं दातओठ नव्हे, नुसते दात खाऊन ती पुन्हा धरली. म्हणजे ऐकणाऱ्याला काय ऐकू आलं, तर दोन शिट्ट्या.

दोन शिट्ट्या म्हणजे ‘ये’.

थंडगार आला. विश्वासानं आला. ड्रम भिंत आणि बस यांच्यामधे असा बसला की पाणी सगळं बाहेर आणि ड्रम पापडासारखा चपटा. माणूस कुणी मागं नव्हता. थंडगार खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “ताई, तुम्हीच ये म्हणालात.” आत्याच्या हनुवटीवर रक्ताचा ओघळ होता. ती म्हणाली, “मी थांब म्हणाले. माझा ओठ ये म्हणाला.”

आगाराचे मॅनेजर आले. त्यांना आम्ही ‘म्हणजे-काय’ म्हणतो. ते ड्रमभोवती फिरले. “म्हणजे काय, की आज ड्रम होता. म्हणजे काय, की उद्या ड्रमच असेल असं नाही.” “म्हणजे काय ताई, तुमची शिट्टी आता भरवशाची राहिली नाही. महिनाअखेर मी स्वतः उभा राहून बघतो. नीट असेल तर ठीक. नाहीतर आतली खिडकी.”

आतली खिडकी म्हणजे बसमध्ये सापडलेल्या वस्तूंची खिडकी. तिथं छत्र्या असतात, एकेकटे बूट असतात, आणि एकदा एक कवळी होती. काम सावलीतलं, खुर्ची गादीची. दुसरं कुणी असतं तर ड्रमला नमस्कार केला असता. आत्या घरी आली, वरच्या खोलीत न जाता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “तिथं मी कुणाला मागं घेऊ? छत्र्यांना?” आत्या अशी स्टुलावर बसून राहिली की घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं. बाबा म्हणाले, “ताई, उद्या डॉक्टरकडं जायचं.” ती नाही म्हणाली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

कातडीच्या डॉक्टरांकडं मीही गेले. डॉक्टर सगळं ‘आपण’ लावून बोलतात. आवाज मऊ, जणू समोर झोपलेलं बाळ आहे.

“आपण ओठ चाटतो का?”

“तुमचं माहीत नाही,” आत्या म्हणाली. “मी चाटते.”

“आपण चाटायचं नाही. थुंकी सुकताना ओठातला होता नव्हता तो ओलावाही घेऊन जाते. सालपटं ओढतो का आपण?”

“आपोआप निघतात.”

डॉक्टरांनी नुसतं बघितलं. आत्यानं खाली बघितलं.

मग हिरव्या डबीची गोष्ट निघाली. डॉक्टरांनी डोळे मिटले. म्हणाले, “झोंबणं म्हणजे काम करणं नाही. झोंबणं म्हणजे झोंबणं. पुदिना, कापूर, वास, चव, यांतलं काहीही फाटलेल्या ओठाला नको. आणि दुसऱ्याच्या डबीत बोट अजिबात नको. एकाच्या ओठाचं दुखणं सगळ्यांच्या ओठावर जातं. आपण दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरतो का?”

आत्यानं डबीत घातलेलं बोट रुमालाला पुसलं.

त्यांनी सांगितलं ते असं. रात्री झोपताना साधं, बिनवासाचं मलम, जाडसर. दिवसा उन्हात जायच्या पाव तास आधी लिप बाम, ज्यावर एसपीएफ तीस किंवा त्याहून मोठा आकडा आहे असा. खालच्या ओठाला जरा जास्त, कारण ऊन त्यालाच जास्त लागतं. दर दोन तासांनी परत, आणि खाल्लं-प्यायलं की परत, कारण तो चहाबरोबर पोटात जातो आणि पोटाला उन्हाचा त्रास नसतो. टोपीची कड चारी बाजूंनी रुंद हवी. नळी उन्हात तापत ठेवायची नाही, आणि तिच्यावरची तारीख उलटली की फेकून द्यायची. शिट्टी पंधरा दिवस बंद.

“आणि हा इथं,” डॉक्टरांनी दिवा जवळ आणला, “एक खरखरीत पांढरट भाग आहे. उन्हाचाच असेल. पण दोन-तीन आठवड्यांत हा गेला नाही तर आपण त्याचा बारीक तुकडा काढून तपासायचा. आपण घाबरायचं नाही.”

“तुम्ही नका घाबरू,” आत्या म्हणाली. पण जिना उतरताना तिनं माझा हात धरला होता, आणि तिला जिन्याचा कधी त्रास नाही.

वाटेत औषधाच्या दुकानात गुलाबी नळी मिळाली. आकडा तीस, वास नाही, चव नाही, रंग तेवढा होता. “बिनरंगाचा पुढच्या आठवड्यात येईल,” दुकानदार म्हणाला. आत्या म्हणाली, “माझा ओठ पुढच्या आठवड्याची वाट बघणार नाही. द्या.” लिपस्टिकची बातमी इथून निघाली.

पंधरा दिवस आत्यानं लाल आणि हिरव्या झेंडीवर काम केलं. डोळे मिटणाऱ्या ड्रायव्हरला ते उघडावे लागले आणि त्याला याचा मनस्ताप झाला. “ताई, मान दुखते हो आरशात बघून.” आत्या ओठ न हलवता बोलायची, त्यामुळं तिचे प, ब आणि म गेले. ‘बस मागे घे’चं ‘अस आगे घे’ व्हायचं आणि एकानं खरंच पुढं घेतली. ही नक्कल माझी आजवरची सगळ्यांत गाजलेली नक्कल आहे. शाळेत मला ती एकाच मधल्या सुट्टीत चारदा करावी लागली.

थंडगार गुलाबी नळी बघून जवळ आला. “ताई, जरा द्या ना. रंगाचं माझं काही नाही.”

“तुझा दात घासायचा ब्रश देशील का मला?”

“हवा असेल तर देतो की.”

आत्यानं नळी खिशात घातली. थंडगार वाईट मनाचा नाही. पुढं त्यानं डबीवरची तारीख वाचली. ती मी शाळेत जायला लागण्याआधीची होती. त्यानं डबी टाकली नाही, पण लोकांना देणं बंद केलं.

जीभ मात्र ऐकेना. आत्या दिवसातून कितीदा तरी जीभ बाहेर काढायची आणि अर्ध्या वाटेवर तिला आठवायचं, मग ती तशीच बाहेर थांबायची. समोरून येणाऱ्या प्रवाशाला वाटायचं आपल्यालाच वेडावतेय. एक बाई तक्रार करायला मॅनेजरकडं गेली. म्हणजे-काय म्हणाले, “म्हणजे काय, की त्यांना औषध चालू आहे.” त्या बाईंनी जीभ बघून जो काय अर्थ काढायचा तो काढला.

पुन्हा डॉक्टरांकडं गेलो तेव्हा पांढरट भाग गेला होता. डॉक्टर म्हणाले, “आपला ओठ छान झालाय.” आत्या म्हणाली, “तुमचाही चांगला आहे.” खाली उतरल्यावर ती दुकानाच्या पायरीवर बसली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडं न बघता नाक पुसलं. मी त्याची नक्कल केली नाही. काही गोष्टी टेपमधे घेत नाहीत.

आता अडचण शिट्टीची होती. बाम लावला की ओठ निसरडा, आणि निसरड्या ओठातून शिट्टी येत नाही, ‘फुस्स’ येतं. आत्या रात्री वरच्या खोलीत सराव करायची. खाली आम्हाला सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडल्यासारखं ऐकू यायचं. बाबा म्हणाले, “ताई, त्या दिवसापुरता लावू नकोस.” आत्या म्हणाली, “आणि दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? ऊन काय परीक्षा बघून पडतं?” शेवटी तिला जमलं ते असं: लावायचा पातळ, तो पाव तास मुरू द्यायचा आणि मधे ओठाला ओठ लावायचा नाही. मग शिट्टी यायची, पूर्वीपेक्षा जराशी जाड, पण सलग. अट एकच. आधी जीभ फिरवायची नाही. फिरवली की बाम गेला, ओठ ओला, आणि परत फुस्स.

महिनाअखेरीच्या सकाळी शाळेला सुट्टी होती. आगारात जाताना मी आत्याला म्हणाले, “तू चाटणार.”

“नाही चाटणार.”

“तीस वर्षांची सवय आहे. म्हणजे-काय समोर उभे असले की तू चाटणारच. पैज.”

आत्यानं टोपीची कड खाली ओढली. मग म्हणाली, “माझ्याआधी तू चाटशील.”

“मी कशाला चाटू? मला कुठं शिट्टी वाजवायचीय?”

“लाव मग पैज. आधी चाटेल तिनं आठवडाभर कुणाची नक्कल करायची नाही.”

“तू नक्कल करतच नाहीस. तुझं काय जाणार?”

“मी हरले तर आठवडाभर तू माझ्यासमोर माझी नक्कल कर. मी हसेन.”

हे फार मोठं होतं. आत्या माझ्या नकलेवर आजवर हसलेली नाही. मी हात पुढं केला.

आवारात म्हणजे-काय छत्री घेऊन उभे होते. थंडगार स्टिअरिंगवर. धुण्याच्या जागी नवा निळा ड्रम. ड्रायव्हर मंडळी विश्रांतीच्या खोलीच्या दारात दाटीनं उभी, तपासनीस मिशीवर हात ठेवून. आत्या रुंद कडेची टोपी घालून बसच्या मागं उभी राहिली. मी तिच्या पलीकडं, भिंतीशी. तिचा चेहरा मला अर्धा दिसत होता, आणि मी फक्त तिचा ओठ बघत होते.

‘ये.’ बस हलली.

‘ये.’ बस आली. ऊन चांगलंच तापलं होतं. आत्याचा जबडा हलला. जीभ आतून गालाला लागलेली मला बाहेरून दिसली. तोंड उघडलं नाही.

‘सावकाश.’ थरथरती शिट्टी जरा घसरली, पण सावरली. म्हणजे-काय दोन पावलं पुढं आले. बस आणि ड्रम यांच्यामधे आता एक मोठं मांजर मावलं असतं.

आत्यानं श्वास घेतला. ओठ आत ओढला. इथं, नेमकं इथं, गेली तीस वर्षं तिची जीभ येते. मी भिंतीला टेकून, नखं तळहातात रुतवून बघत होते.

‘थांब’ निघाली. लांब, सलग, शेवटी वर जाणारी. बस उभी राहिली. ड्रमला धक्कासुद्धा नाही.

थंडगारनं इंजिन बंद केलं. म्हणजे-काय वाकले, बस आणि ड्रम यांच्यामधली फट बघितली, छत्रीचं टोक त्यात घालून बघितलं. “म्हणजे काय,” ते म्हणाले आणि पुढचं त्यांना सापडेना. मग म्हणाले, “ठीक आहे. चालू द्या.” आणि ते ऑफिसकडं गेले. दारातली मंडळी पांगली.

आत्या वळून माझ्याकडं आली. ओठ कोरडा, गुलाबी, जागच्या जागी.

“तू चाटलं नाहीस,” मी म्हणाले.

“तू चाटलंस.”

“मी? कधी?”

“‘थांब’च्या आधी. बसच्या मागच्या काचेत तू दिसत होतीस. मला चाटायचं होतं, पण तेवढ्यात तुझी जीभ बाहेर आली. सरड्यासारखी. माझ्याकडून होण्याआधी तुझ्याकडून झालं, म्हणून मी वाचले.”

मी ओठाला बोट लावलं. ओला होता. आत्यानं खिशातून नळी काढली, स्वतःच्या ओठाला लावली आणि झाकण घट्ट केलं. “तुझ्यासाठी संध्याकाळी दुसरी घेऊ. ही माझी आहे.”

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, “मग? काय म्हणाले मॅनेजर?”

आत्या माझ्याकडं बघत होती. मी पाणी प्यायले.

“ठीक आहे म्हणाले,” मी म्हणाले. माझ्या आवाजात.